रिंग ओढण्याआधी

उत्तर न दिलेलं पत्र माणसाच्या मागे कसं लागतं, ते थेंबेसरांना विचारावं. गेल्या हिवाळ्यात आलेलं ते पत्र त्यांनी हरवलं नव्हतं, फाडलं नव्हतं, की कपाटात तळाशी दडपूनही ठेवलं नव्हतं. त्यांनी त्याची पुस्तकखूण केली होती. एका जाड प्रवासवर्णनातून ते एका सेनापतीच्या चरित्रात गेलं, चरित्रातून रहस्यकथेत, रहस्यकथेतून मधमाश्यांवरच्या पुस्तकात. रोज रात्री दिवा मालवण्याआधी सर ते पानांत ठेवायचे आणि रोज सकाळी चहाबरोबर ते परत त्यांच्या हातात यायचं. म्हणजे विसरायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

"अहो, त्या मुलीनं ते उत्तरासाठी पाठवलंय," बायको म्हणायची. "पुस्तकात घालायला नव्हे. पुस्तकात घालायला मी तुम्हाला रिबिनीचा तुकडा देते."

"लिहितो गं. जरा विचार करून लिहितो."

"विचार करून करून घड्यांवर फाटायला आलंय ते. बघा तरी!"

बायकोनं सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली होती. पलीकडून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करतंय आणि इकडचा माणूस रिसीव्हर हातात धरून गप्प बसलाय, ही गोष्ट तिच्या डोक्यातच शिरत नसे. आणि सरांचं तर सगळं आयुष्य जवळजवळ तसंच गेलं होतं.

'थेंबे' हे सरांचं खरं आडनाव नव्हे. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना ते नळीतून थेंब पाडून पाण्याचा पृष्ठताण मोजायला शिकवायचे, त्यावरून कुठल्याशा वात्रट तुकडीनं ते नाव पाडलं. नाव असं चपखल बसलं की पुढच्या तुकड्यांना ते खरंच वाटायचं, आणि एकदा तर निरोपाच्या पत्रिकेवरही छापून आलं. सरांनी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला उभं राहून बोलावं लागलं असतं.

तर पत्र. दूरच्या एका विद्यापीठातल्या संशोधक मुलीचं. तिनं ते कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलं होतं आणि कॉलेजनं सरांच्या घरी. अक्षर टपोरं, भाषा अदबीची. तिनं लिहिलं होतं: "सर, तुमच्या तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा माझे आकडे सतत जास्त येतात. रसायन नवं मागवलं, पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं, मोजायची रिंगसुद्धा बदलून पाहिली. तुमचा फक्त सहावा आकडा माझ्याशी जुळतो, बाकी एकही नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात, छापील आकडे जुळल्याशिवाय प्रबंधावर सही मिळणार नाही. तुम्ही नेमकं कसं मोजलंत, एवढंच कळवाल का?"

हा तक्ता म्हणजे सरांची जन्माची कमाई. त्यांनी आयुष्यात एकच शोधनिबंध छापला. साबणाच्या कुळातलं एक रसायन पाण्यात कमीजास्त विरघळवलं तर पाण्याचा वरचा ताण किती उतरतो, त्याचा. ना कुणी त्याची वाहवा केली, ना कुणी नावं ठेवली. पण तो तक्ता एका जाडजूड संदर्भग्रंथानं उचलला आणि आवृत्तीमागून आवृत्ती छापत राहिला. सर कधी ग्रंथालयात गेले की तो ग्रंथ काढायचे, आपलं पान उघडायचे आणि इकडेतिकडे बघून पटकन मिटायचे.

आता ती मुलगी म्हणत होती की ते आकडेच चुकीचे असावेत. म्हणत नव्हती खरं तर, पण सरांनी ते तसंच वाचलं. आणि तिनं नेमकं त्या सहाव्या आकड्यावर बोट ठेवलं होतं! बाकीचे सगळे बिंदू आलेखात एका सुरेख उतरत्या रेषेवर बसले होते, हा एकटाच वर राहिला होता. त्याला वगळून रेषा काढताना तेव्हाही सरांचा हात अडखळला होता. आपली रेष खोटी आणि तो एकच बिंदू खरा, असं तर नसेल? तसं असेल तर एवढी वर्षं जगभरच्या माणसांनी आपल्यावर विसंबून चुकीची बेरीज केली. आणि तसं नसेल, तर तिचं चुकतंय असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी कच्ची पत्रं लिहून पाहिली. प्रत्येकाची सुरुवात 'कदाचित'नं व्हायची आणि शेवट केराच्या टोपलीत.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी फोन वाजला. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंचा होता. या बाई सरांच्याच विद्यार्थिनी. विद्यार्थिदशेत दोन तासांचं प्रात्यक्षिक अर्ध्या वेळात उरकून, हात पुसत बाहेर पडायच्या, म्हणून सरांनी मनातल्या मनात त्यांचं नाव सुसाट ठेवलं होतं. मोठेपणीही त्यांचा वेग कमी झाला नव्हता.

"सर, तुम्ही हयात आहात ना?"

"अं? हो. म्हणजे... आहे बहुतेक."

"मी आत्ताच एका मुलीला फोनवर तसं सांगून बसलेय, म्हणून विचारलं. तिनं तुम्हाला पत्र पाठवलं होतं म्हणे. उत्तर नाही आलं. बिचारी इतकं घाबरत घाबरत विचारत होती, की ते आता... असतात का? मी म्हटलं, चांगले ठणठणीत आहेत, परवाच वाचनालयात पाहिलं."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायको समोर उभी होती आणि फोनमधला आवाज तिला सगळा ऐकू जात होता.

"तिला दोन महिन्यांत प्रबंध द्यायचाय, सर. नाहीतर तिची शिष्यवृत्ती बंद होणार. आणि मार्गदर्शक तर हटूनच बसलेत. काय ते एकदा मोजून बघू या ना! आपली रिंग आहे अजून. रसायनही आहे. उद्या येता?"

"उद्या म्हणजे जरा..."

"येतात!" बायकोनं फोनच्या दिशेनं तोंड करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात गेले ते परीक्षेला निघाल्यासारखे. बगलेत पिशवी, पिशवीत डबा, चष्म्याची डबी आणि सवयीनं घेतलेलं एक पुस्तक. प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि तोच वास नाकात शिरला: बर्नरचा गॅस, ओली लाकडी टेबलं, थोडं आम्ल. उपकरण खिडकीजवळच्या दगडी ओट्यावर होतं, कारण तिथे जमीन सगळ्यात कमी हादरते. पितळी चौकट, तिच्यात ताणून बसवलेली बारीक तार, तारेला जोडलेली गोल तबकडी आणि काटा. आणि तारेवरच्या दांडीला टांगलेली प्लॅटिनमची रिंग, एखाद्या बाळाच्या मनगटात जाईल एवढी.

या उपकरणाचं काम सांगायला सोपं आहे. पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पापुद्र्यासारखा असतो. रिंग पाण्यात टेकवायची आणि तार पिळत पिळत सावकाश वर ओढायची. पाणी रिंगेला सोडत नाही, तेही बरोबर वर उचललं जातं, त्याची एक पातळ झालर तयार होते आणि एका क्षणी ती तटकन तुटते. तुटताना काटा किती दाखवतो, ते वाचायचं. शुद्ध पाण्याला बहात्तर. पाण्यात साबणासारखं काही असेल तर तो पापुद्रा सैल पडतो, झालर लवकर तुटते, आकडा खाली येतो. सोपं आहे ते सांगायलाच. बशीच्या आतल्या बाजूला बोट लागलं, रिंग नीट तापवली नाही, कुणी शेजारून धाडधाड चालत गेलं, की आकडा बिघडलाच म्हणून समजा.

सुसाटनं सगळी तयारी करून ठेवली होती. तिनं रिंग बर्नरच्या ज्योतीत लालबुंद होईपर्यंत धरली, थंड होऊ दिली, आधी शुद्ध पाणी मोजलं. बहात्तर.

"उपकरण ठीक आहे," ती म्हणाली. "आता तुमची लांबशेपटी."

त्या रसायनाच्या रेणूला एक डोकं आणि एक भलीमोठी शेपटी असते, म्हणून विभागात त्याला सगळे लांबशेपटीच म्हणायचे. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला ते मुळीच सहन होत नाही. म्हणून रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि डोकं पाण्यात, शेपटी हवेत असे उभे राहतात.

तक्त्यातलं तिसरं द्रावण त्यांनी निवडलं होतं. सुसाटनं ते बशीत ओतलं, रिंग टेकवली, ओढली. तट्.

"बावन्न."

"त्या मुलीचा किती होता?" सरांनी विचारलं.

"बावन्नच." ती जरा थांबली. "आणि तुमचा..."

"सेहेचाळीस," सर म्हणाले. हा आकडा त्यांना झोपेतही सांगता आला असता.

"माझा हात वेगळा, तुमचा वेगळा. तुम्ही ओढून बघा."

नवी बशी, नवं द्रावण, रिंग पुन्हा ज्योतीतून काढलेली. सरांनी खूप वर्षांनी तार पिळायचा तो पितळी खिट्टा हातात धरला. बोटांना सगळं आठवत होतं, पण विद्यार्थिनी विभागप्रमुख होऊन शेजारी उभी असताना मास्तरांनाही जीव मुठीत धरावा लागतो. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, म्हणून त्यांनी रिंग टेकवली न टेकवली तोच ओढायला घेतली. तट्.

बावन्न.

सर स्टुलावर बसले. त्यांना एक चमत्कारिक मोकळेपणा वाटला. दात दुखत असला की डॉक्टर एकदाचा 'काढावा लागेल' म्हणतो, तेव्हा वाटतो तसा.

"मग ठरलं तर. तक्ता चुकीचा होता, तो काढून टाका, असं ग्रंथवाल्यांना लिहितो. आणि तिलाही."

"अहो सर! दोन मोजण्यांवर एवढी मोठी शिक्षा? आम्हाला तुम्ही तिसऱ्याशिवाय कधी घरी सोडलंत का? घरची बस चुकली तरी तिसरं झालंच पाहिजे, असं म्हणायचात तुम्ही."

"मी असं म्हणायचो?"

"म्हणजे पुटपुटायचात. पण आम्हाला ऐकू यायचं."

तिनं तिसरी बशी भरली, रिंग टेकवली, आणि तेवढ्यात शिपाई दारात आला. प्राचार्यांनी तातडीनं बोलावलं होतं, वेळापत्रकावरून कुणीतरी भांडत होतं.

"मी आलेच. फक्त ओढायचं बाकी आहे, सर. तुम्ही ओढून ठेवा," म्हणत ती वाऱ्यासारखी गेली.

सरांनी खिट्ट्याकडे पाहिलं. स्वतःच्या हातानं स्वतःचा तक्ता आणखी एकदा खोडायचा? त्यापेक्षा ती येऊ दे, तिचा हात खंबीर आहे. त्यांनी बशीवर धूळ बसू नये म्हणून काचेचं झाकण अर्धवट सरकवलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. रहस्यकथा होती. एका बंद खोलीत एक वकील मरून पडला होता आणि खिडकीची कडी आतून लावलेली होती. सर बघता बघता त्या खोलीत शिरले आणि प्रयोगशाळा त्यांच्याभोवतालून नाहीशी झाली.

सुसाट परत आली तेव्हा वकिलाच्या पुतण्याकडे संशय वळला होता.

"ओढली नाहीत?"

"तुझी वाट बघत होतो."

"वाट बघत होतात की वाचत होतात?" ती हसली, झाकण बाजूला केलं, वाकली आणि खिट्टा फिरवू लागली. पाण्याची झालर वर आली आणि फारच लवकर तुटली. सुसाट काट्याकडे बघत राहिली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"सर."

"बावन्न ना?"

"सेहेचाळीस."

सरांनी पुस्तक मिटलं. मग सुसाटनं मान हलवली. "कचरा पडला असणार. वरून काहीतरी तेलकट. एवढा वेळ अर्धं उघडं होतं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तेलाचा अंशसुद्धा ताण उतरवतो. एरवी सर असे शब्द ऐकताच 'हो, तसंच असेल' म्हणून मोकळे झाले असते. पण स्टुलावरून ते उठले ते वेगळ्याच माणसासारखे.

"थांब. कचरा असेल तर तो साध्या पाण्यातही पडेल. पडेल ना? मग शुद्ध पाण्याची बशी भर. तेवढाच वेळ ठेव, तेच झाकण, तीच जागा. आणि मग ओढ."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? तुला काय प्राचार्य पुन्हा बोलावतायत?"

सुसाटनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. सर कुणाला हुकूम सोडतायत, हे तिनं विद्यार्थिदशेतही पाहिलं नव्हतं. तिनं मुकाट्यानं बशी धुतली, भरली, झाकली. दोघांनी डबा खाल्ला. मग रिंग ओढली.

बहात्तर. काटा जराही खाली नव्हता.

"म्हणजे कचरा नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणजे लांबशेपटीच..."

"लांबशेपटीच सावकाश येते वर!" सर म्हणाले. "द्रावण बशीत ओतलं की पृष्ठभाग कोरा असतो. हे रेणू एवढे लांब, त्यातून द्रावण पातळ, म्हणजे आधी गर्दीच कमी. ते खालून सावकाश चालत येणार, जागा बघणार, उभे राहणार. सभागृह भरायला वेळ लागतो. तू दार उघडल्या उघडल्या डोकी मोजलीस, म्हणून बावन्न. भरल्यावर मोजलीस तर सेहेचाळीस."

"मग तुमचा तक्ता..."

"भरलेल्या सभागृहाचा आहे. बरोबर आहे. तिचाही बरोबर आहे. ती घाईनं मोजतेय एवढंच."

"पण सर, तुम्ही थांबत होतात असं निबंधात कुठे लिहिलंय? मी काल रात्री पुन्हा वाचला. थांबण्याचा एक शब्द नाही. का थांबायचात तुम्ही?"

सरांनी बाजूच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सुसाटला क्षणभर वाटलं, यांना काही होतंय की काय. पण सर हसत होते. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"वाचायचो गं," ते म्हणाले. "रिंग टेकवायचो आणि खालच्या ड्रॉवरमधून कादंबरी काढायचो. प्रकरण संपलं की ओढायचो. मोजमापाचा भाग म्हणून नव्हे. मला पुढे काय होतं ते कळायला हवं असायचं."

"अगं बाई! आणि आम्हाला वाटायचं सर खाली मान घालून नोंदी करतायत!"

"नोंदीही करायचो. नंतर."

"आणि किती वेळ थांबायचात?"

"एक प्रकरण."

"मिनिटांत सांगा सर, मिनिटांत."

"ते खून झालाय की व्हायचाय, यावर अवलंबून असायचं."

आता सुसाटला हसू आवरेना. हसता हसताच तिनं टेबलावर हात आपटला. "आणि सहावा? तो एकटा तिच्याशी का जुळतो?"

सहाव्या आकड्याचं कारण सरांना शोधायलाही लागलं नाही. तो दिवस त्यांना चांगलाच आठवत होता. विद्यापीठाची तपासणी समिती आली होती. तिघेजण कोट घालून त्यांच्या टेबलाभोवती उभे होते, एकजण तर वाकून तबकडीच पाहत होता. कादंबरी बंद ड्रॉवरात, सरांचे हात घामेजलेले. टेकव, ओढ, वाच, की सुटलो. इतकी वर्षं ते त्या आकड्याचा दोष आपल्या थरथरत्या हाताला देत आले होते. हात मुळीच चुकला नव्हता. त्या दिवशी फक्त वाचायला मिळालं नव्हतं.

"म्हणजे तुमच्या अख्ख्या तक्त्यात तुम्ही एकदाच कामात लक्ष दिलंत," सुसाट म्हणाली, "आणि तेवढाच आकडा बिघडला."

"हे असं बाहेर सांगत फिरू नकोस."

पुढचे काही दिवस सर रोज कॉलेजात गेले. आता मात्र घड्याळ समोर ठेवून. एक बशी ओतल्याबरोबर ओढली, एक पाच मिनिटांनी, मग दहा, वीस, अर्धा तास, तास. प्रत्येक वेळी नवी बशी, नवं द्रावण, कारण एकदा झालर तुटली की पृष्ठभाग ढवळला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आकडे भराभर उतरत गेले, वीस मिनिटांच्या सुमारास स्थिरावले आणि मग तासभर थांबलं तरी हलले नाहीत. म्हणूनच प्रकरण लांब असो की आखूड, सरांचे आकडे एकमेकांशी जुळत होते. चांगल्या कादंबरीचं प्रकरण वीस मिनिटांत संपतच नाही.

सुसाटनं संगणकावर आलेख काढला. "पाठवून टाकते तिला? ईमेलनं दोन मिनिटांत पोचेल."

"आलेख पाठव. तिची मुदत जवळ आलीय," सर म्हणाले. "पण उत्तर मी लिहितो. पत्र मला आलंय. आणि तिच्या मार्गदर्शकांना दाखवायला माझ्या सहीचा कागद लागेल तिला."

"थांबण्याबद्दल काय लिहिणार? 'पृष्ठभाग स्थिर होऊ दिला' असं लिहा. खोटं नाही ते."

"खोटं नाही, पण त्यातून मला ते माहीत होतं असा अर्थ निघतो. मला कुठे माहीत होतं? आकडा वेळेबरोबर बदलतो, हे पहिल्यांदा तिच्या हाताला लागलं. तिनं आपला आकडा दामटून माझ्याशी जुळवला असता, तर कुणालाच कळलं नसतं. तिच्या प्रबंधात हे तिच्या नावानं यायला हवं."

सुसाटनं त्यावर वाद घातला नाही. सरांशी वाद घालायची वेळ येईल, असंच तिला कधी वाटलं नव्हतं. आणि आली तेव्हा तिला दिसलं की त्यात जिंकता येणार नाही.

त्या संध्याकाळी सरांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. लिहून झालं तेव्हा बायकोनं हात पुढे केला.

"द्या इकडे. बघू."

"तुला त्यातलं रसायन कळणार नाही."

"रसायन जाऊ दे. तुम्ही कळता ना मला." तिनं चष्मा लावला आणि पहिलीच ओळ मोठ्यानं वाचली. "'कदाचित माझे आकडे अगदीच चुकीचे नसावेत.' हे काय हो? चूक आहेत की बरोबर आहेत?"

"बरोबर आहेत."

"नक्की?"

"नक्की."

"मग असं लिहा ना! ही काय पाहुण्याला 'बसता का, की उभेच राहताय' विचारल्यासारखी भाषा?" तिनं फोनशेजारची पेन्सिल उचलली आणि 'कदाचित' खोडलं. खालच्या ओळीतलंही खोडलं. पुढच्या पानावरचं 'मला वाटतं' खोडलं, 'माझ्या अल्प समजुतीप्रमाणे' खोडलं, आणि 'आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व' पाशी पेन्सिल थांबली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "इतके महिने तिला ताटकळत ठेवलंत, त्याची माफी मागायलाच हवी. पण एकदाच. इथे तुम्ही तीनदा मागितलीय."

"कादंबरीचं वाचलंस का?"

"वाचलं." ती हसली. "'रिंग टेकवून मी वाचत बसत असे, आणि प्रकरण संपल्यावर ओढत असे.' चांगलं लिहिलंय. तेवढं एकच वाक्य तुम्ही न घाबरता लिहिलंय बघा."

सर पुन्हा लिहायला बसले. स्वच्छ, ठाम अक्षरात. 'माझे आकडे बरोबर आहेत. तुमचेही बरोबर आहेत. माझे आकडे, सहावा वगळता, द्रावण विसावल्यानंतरचे आहेत, तुमचे ताज्या पृष्ठभागाचे. दोन्हींच्या मधला वेळ कुणीच मोजला नव्हता. आमचा आलेख सोबत आहे; तो वेळ तुम्हीही मोजावा. हे पत्र मार्गदर्शकांना दाखवावं. त्यांना शंका असेल तर त्यांनी मला सरळ लिहावं, मी उत्तर देईन.' हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. मार्गदर्शक म्हणजे कुणी बडा माणूस असणार. असू दे. वाक्य तसंच राहिलं.

सकाळी दोघं बरोबरच निघाली. बायकोला चपला दुरुस्त करून आणायच्या होत्या, असं तिनं सांगितलं. चपला मात्र तिच्या हातात नव्हत्या. टपालपेटी वळणावर, औषधांच्या दुकानासमोर होती. तिथे पोचल्यावर सरांनी पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला, तिकिटं नीट चिकटली आहेत का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"परत वाचू नका हं आता," बायको म्हणाली.

"नाही वाचत. पत्ता बघतोय."

पाकीट आलेखांच्या कागदांनी फुगलं होतं. फटीत ते अडलं. सरांनी त्याच्या कडेवर तळहात ठेवला आणि जोरात आत ढकललं.